बादलीतले सहा शिंपले

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. समुद्रातल्या शिंपल्यांवर मात्र पुसदच्या कॉलेजात दरवर्षी शिकवते, आणि एका ठरावीक तासाला पाणी प्यायचं निमित्त करून वर्गाबाहेर येते. त्या तासाला एक साधा प्रयोग येतो. शिंपला पाणी आत ओढतो, गाळतो, खाणं ठेवून घेतो आणि पाणी सोडून देतो. पाण्यात विषारी काही आलं की दोन्ही झडपा मिटून बसतो. समुद्रकाठी म्हणूनच त्याच्याकडे बघून पाण्याची पारख करतात. मी त्याच्याकडून माझ्या बापाची पारख करून घेतली होती.

आमचं गाव फुलसावंगीच्या बाजूला. वडील दुसऱ्यांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, कीटकनाशकाचा फवारा मारायला जात. संध्याकाळी पाठीवरचा पंप नदीच्या डोहात धुवायचा आणि घरी यायचं. सगळेच तिथं धुवायचे. घरी धुतला तर वास राहतो, नदीत धुतला तर वाहून जातं, एवढं साधं त्यांचं म्हणणं. त्याच डोहात शिंपले होते. आमच्याकडे तान्ह्या बाळाला गुटी शिंपल्यानं पाजतात. बाळाच्या आजोबानं डोहातून शिंपला आणायचा आणि दगडावर घासून त्याच्या कडा गुळगुळीत करायच्या. माझा शिंपला माझ्या आजोबांनी घासला होता.

मी एम.एस्सी.ला होते तेव्हाची गोष्ट. फवाऱ्याच्या दिवसांत वडिलांचं डोकं गरगरायचं, जेवण जायचं नाही, डोळ्यांतून पाणी वाहायचं. काम सोडा म्हटलं की हसायचे. मग मला पुस्तकातला प्रयोग आठवला आणि मी शहाणपणाच्या भरात आले.

डोहातून सहा जिवंत शिंपले आणले. बादलीत विहिरीचं पाणी भरून त्यात ठेवले. दुपारपर्यंत सगळे जरा जरा उघडले. संध्याकाळी वडील फवाऱ्यावरून आले, दोनदा साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. माणूस आधीपासून टापटिपीचा. मी म्हटलं, "बाबा, तुमी यात हात घाला बरं."

त्यांनी बादलीत हात घातला. सहाच्या सहा शिंपले एकामागून एक मिटले.

"काहून मिटले?" त्यांनी विचारलं.

"फवाऱ्याचं औषध हाये तुमच्या हाताले. साबणानं जात नाई ते."

हे मी ज्या तोऱ्यात बोलले, त्याची मला आजही लाज वाटते. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसले आणि आत गेले.

थोड्या वेळानं शिंपले पुन्हा उघडले. मी सहज माझा हात पाण्यात घातला. सहाही मिटले. मी पंपाला कधी शिवलेसुद्धा नव्हते. शिंपला सावलीनं मिटतो, धक्क्यानं मिटतो, नुसतं पाणी हललं तरी मिटतो. आधी स्वच्छ हात घालून बघायचा असतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मला कळलं नव्हतं. कळल्यावरही मी गप्प बसले. म्हटलं, घाबरून तरी काम सोडतील.

काम त्यांनी सोडलं नाही. दुसरं येत कुठं होतं? दुसऱ्या दिवसापासून चमच्यानं जेवायला लागले. ताट वेगळं, तेही स्वतःच धुवायचं. मी पुसदला निघाले की एसटीच्या दाराशी डोक्यावर हात ठेवायचे, ते बंद झालं. हात पाठीमागे बांधून चार पावलं लांब उभे राहायचे. माय मला विचारायची, "बापाशी भांडली काय वं?" मी नाही म्हणायचे, आणि ते खरंही होतं.

काही वर्षांनी मला मुलगी झाली. वडिलांनी शिंपला घासून आणला, कागदात गुंडाळून खिडकीत ठेवला आणि मायला बजावलं, "दोनदा उकळून घे." नात त्यांनी दारातूनच बघितली. समुद्रातल्या काही शिंपल्यांत बापाच्या पेशीतला एक वारसा फक्त मुलांना मिळतो, मुलींना नाही. हे शिकवताना वर्ग हसतो. मला हसू येत नाही.

पोर रांगायला लागली. एकदा सरपटत त्यांच्या पायाशी गेली आणि गुडघ्याला धरून उभी राहिली. ते दोन्ही हात वर धरून तसेच थांबले. ती पडली असती तरी त्यांनी तिला धरलं नसतं. मला ते बघवेना. तिला उचललं आणि सगळं सांगून टाकलं.

"बाबा, त्या दिवशी माह्या हातानंबी मिटले होते. चुकी माही होती. मी सांगतलं नाई."

ते म्हणाले, "बापाचं वाईट वाटून राह्यलं म्हणून खोटं नको बोलू, पोरी."

"खरं सांगून राह्यली, बाबा."

"मंग दाखव."

इतक्या वर्षांत त्यांच्या आवाजात मी आशा ऐकली ती तेवढीच. पोर मायकडे दिली, तीच बादली घेतली, आणि आम्ही दोघं डोहावर गेलो.

मी गुडघाभर पाण्यात उतरून चिखल चाचपू लागले. शिंपले पुष्कळ हाती लागले. सगळे मेलेले, उघडे, आत गाळ भरलेला. सगळे मोठे, म्हातारे. नखाएवढं पिल्लू एकही नव्हतं. आमच्या नदीतल्या शिंपल्याची पिल्लं सुरुवातीला माशाच्या कल्ल्याला चिकटून वाढतात, आणि डोहात मासा दिसून किती वर्षं झाली ते कोणालाच सांगता आलं नसतं. तरी मी शोधत राहिले. मला एक हवा होता. एकच मिटणारा शिंपला.

वडील काठावर उभे होते. मी वर चढायला लागले तेव्हा बादली घ्यायला त्यांनी हात पुढे केला. मग रिकाम्या बादलीत डोकावून पाहिलं.

"एकबी नाई," ते म्हणाले, आणि हात पुन्हा पाठीमागे घेतला.