बुधीची तोंडी

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि त्याला मी बहुतेक सगळं सांगते. आज तुम्हाला सांगतेय. कसं जमेल, बघू.

नव्वदच्या दशकात मी धसईजवळच्या एका शाळेत शिक्षिका होते. तिसरी माझ्याकडे, चौथी शोभाबाईंकडे. त्या माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, शहापूरच्या बौद्ध कुटुंबातल्या, घरातल्या पहिल्याच नोकरदार. आम्ही दोघी मुरबाडहून एकाच एस.टी.ने यायचो. गाडी थांबली की ठाकरवाडीची पोरं धावत यायची — शोभाबाईंची पिशवी घ्यायला. माझीही पिशवी होती की हातात! ती कुणी मागितली नाही. अकरा वर्षं मी त्या शाळेत होते, एकदाही नाही.

हसू येतंय ना? पिशवीवरून कुणी जळतं का? मी जळत होते.

शोभाबाई वर्गात पोरांच्या बोलीत बोलायच्या. पोरांचे शब्द वहीत उतरवून घ्यायच्या, मग शेजारी पुस्तकातला शब्द लिहायच्या. भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. माझ्या वर्गात मात्र शांतता. शिस्तीची, असं मी म्हणायचे.

आणि खरं सांगू? मी स्वतः आटगावकडची. भातशेतीचं घर. डी.एड.ला गेले तेव्हा माझ्या ‘नाय’ला, ‘आमी’ला मुली हसल्या होत्या. मी ती भाषा जिभेवरून घासून काढली — आणि ही बाई तीच भाषा खडूसारखी सहज हातात घेऊन पोरांचं प्रेम मिळवत होती. हे मला सहन होत नव्हतं.

त्या वर्षी केंद्रप्रमुखांनी ठरवलं की वार्षिक तोंडी परीक्षा एकमेकींच्या वर्गाची घ्यायची. चौथी माझ्याकडे आली. प्रश्न छापून आलेले, शेजारी उत्तरंही छापलेली.

बुधी नावाची मुलगी होती. ठाकरवाडीची, बारीक, बोलताना सरळ डोळ्यांत बघणारी. शोभाबाई तिच्याबद्दल बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत.

मी विचारलं, “पावसात भिजू नये म्हणून आपण काय वापरतो?”

“इरला,” ती म्हणाली.

कागदावर होतं — छत्री.

“घर कशाचं बांधतात?”

“कुडाचा. कारवी आणायची, वरून शेण लिपायचा.”

कागदावर — विटा आणि सिमेंट.

“गाईचं दूध कोण पितं?”

ती जरा गोंधळली. एवढं सोपं कसं काय विचारतात, असं वाटलं असावं. “तिचा वासरू पितो ना, बाई.” कागदावर — आपण.

माझे वडील इरलं पांघरून लावणी करायचे. मी कुडाच्या घरात जन्मले. मला काय कळलं नव्हतं यातलं? तरी मी मान हलवली. “काय म्हणतेस? समजत नाही. नीट बोल.” तिने पुन्हा तेच सांगितलं, हळू, जणू मीच शिकत होते. मी पुन्हा म्हणाले, समजत नाही. तिसऱ्या खेपेला ती गप्प झाली. मग पुढच्या प्रश्नांना तिने तोंडच उघडलं नाही.

मी शून्य लिहिलं. वाडीच्या इतर पोरांनाही जवळपास तसंच. आणि खाली शेरा — ‘शिक्षिका बोलीतच शिकवतात, मुलांना शुद्ध मराठी समजत नाही.’ अक्षर फार सुंदर आलं होतं.

केंद्रप्रमुखांनी तो शेरा सगळ्यांसमोर वाचला. शोभाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, “तुमाला पण नाय समजला?” एवढंच विचारलं. मी म्हणाले, नाही. जूनमध्ये त्यांची बदली दुसरीकडे झाली. तोंडीच्या त्या शून्यामुळे बुधी थोडक्यात नापास झाली. दिवाळीपर्यंत लहान पोरांत बसली, मग यायची बंद झाली. आणि मला — हे सांगणं सगळ्यांत जड जातंय — मला त्या जूनमध्ये हलकं वाटलं होतं. एस.टी.तून मी एकटीच उतरत होते.

चौदा-पंधरा वर्षांनी धसईच्या बाजारात रानभाजी घेत होते. विकणारी म्हणाली, “वळखला नाय का, बाई? मी बुधी. तुमी माजी परीक्षा घेतलेली.” रागाने नाही, आनंदाने. “माजा डोकाच नव्हता ओ. एवढा सोपा विचारलात, तरी नाय आला.”

शेजारी तिची पाच-सहा वर्षांची मुलगी भाजीच्या जुड्या बांधत होती. ती आईला काहीतरी म्हणाली, वाडीच्या बोलीत. बुधीने तिच्या पाठीत हलकी चापट मारली. “बाईंच्या समोर नीट बोल. असा बोललीस तर माज्यासारखी नापास होशील.”

पोर गप्प झाली.

तेव्हा बोलता आलं असतं. समोरच होती ती. मी भाजी पिशवीत टाकली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “आई सांगते ते ऐक हं.”

असं म्हणाले मी.

बुधीची उत्तरं बरोबर होती, आणि ते मला त्याच दिवशी माहीत होतं.