तारमास्तरांचं उत्तर

आमच्या श्रीवर्धनला शेजारच्या पडवीत सुपारीवर अडकित्ता वाजायला लागला, की मला बाबांचा डावा हात दिसतो.

बाबा पोस्टात तारमास्तर होते. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली, तेव्हा मी मुंबईहून लॅपटॉप घेऊन आलो. त्यात एक छोटा प्रोग्राम होता. काळ्या पडद्यावर शब्द टाईप करून एंटर दाबलं, की तो ते मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या सांकेतिक लिपीत, वाजवून दाखवायचा. मला स्वतःला मोर्स येत नव्हतं. ‘बाबा, काही हवंय का?’ एवढंच मी इंग्रजी अक्षरांत टाईप केलं.

बारीक शिट्टीसारखे आवाज खोलीत घुमले. बाबांनी डोळे उघडले. मग त्यांचं डावं बोट खाटेच्या लाकडावर वाजायला लागलं. कट्ट, कडकट्ट. आई लगबगीने जवळ आली.

"बोलतायत रे ते. काय म्हणतायत?"

मी पडद्याकडे पाहिलं. प्रोग्रामला फक्त बोलता येत होतं, ऐकता येत नव्हतं.

"बघतो," म्हटलं.

बाबा थांबले. पोच येईना, म्हणून त्यांनी तेच पुन्हा वाजवलं. मग आणखी सावकाश. त्या दिवशी मला बोट हलल्याचाच आनंद झाला होता. पलीकडे कुणी नवशिका बसलाय असं समजून ते एकेक अक्षर सुटं करून देत होते, हे आता कळतं. शेवटी त्यांनी हात पांघरुणात घेतला आणि भिंतीकडे मान वळवली.

ते गेल्यावर मी मोर्स शिकलो. अडकित्ता वाजतो तेव्हा अजून कान देऊन ऐकतो. त्यात एकही अक्षर लागत नाही.