नदीवर न निघालेला आवाज

वडील, आमचे आबा, गेले तेव्हा मी शिरवळला एका कंपनीत सुपरवायझर होतो आणि साताऱ्यात खोली घेऊन राहत होतो. आमचं गाव पलूसच्या बाजूला, कृष्णाकाठी. आमच्याकडे रक्षाविसर्जनाला नदीवर गाव जमतं आणि माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतात. वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, त्यामुळं बोलणारे पुष्कळ होते. सगळे बोलून झाल्यावर माझं नाव पुकारलं. "आता कुटुंबाच्या वतीनं दोन शब्द."

"माझे वडील," एवढं म्हणालो आणि अडलो. समोर अख्खं गाव मांडी घालून बसलेलं. चुलते मागून हळूच म्हणाले, "बोल की रं, लोकं थांबल्यात." मी तोंड उघडलं, तर माईकमधून नुसता श्वास ऐकू आला. शेवटी चुलत्यांनीच माईक घेतला आणि सगळ्यांचे आभार मानून टाकले.

लोकांना वाटलं, पोरगं दुःखात आहे. दुःख होतंच, पण मला माझं माहीत होतं. शाळेत उभं केलं की असंच व्हायचं. कंपनीत शिफ्टच्या सुरुवातीला द्यायच्या सूचनाही मी दुसऱ्याकडून वदवून घ्यायचो. ते सगळं निभावलं होतं. हे निभेना. अंघोळ करताना, बसमध्ये, जेवताना ते भाषण मनात सुरू व्हायचं आणि त्याच दोन शब्दांवर अडायचं. ताटातला घास तसाच राहायचा. बापासाठी तोंड उघडलं नाही, मग हे तोंड कशाला, असं वाटायचं.

साताऱ्यात एका शाळेच्या वर्गात दर रविवारी सकाळी वक्तृत्व मंडळ भरतं, असं कंपनीतल्या एकानं सांगितलं. बुडणाऱ्यानं काडी धरावी तसा गेलो. एक निवृत्त शिक्षिका ते चालवायच्या. पहिल्या रविवारी नाव-गाव सांगून बसलो. नंतर 'माझा आवडता पदार्थ' हा विषय आला, तर भाकरी-पिठल्यावरही मला बोलता येईना. माझ्यानंतर कॉलेजातली एक मुलगी मिसळीवर हसत-खेळत बोलून गेली. मी बाकाखाली बघत बसलो. आणखी काही रविवार असेच गेले.

मग एकदा बाईंनी विषय दिला, 'घरातलं माणूस'. मी उभा राहिलो आणि सरळ वर्गाबाहेर पडलो. गाडीला किल्ली लावतोय तोवर बाई आल्या.

"निघालात?"

"माझ्यानं होणार नाही बाई. मी परत येत नाही."

"नका येऊ. पण एवढे दिवस सोबत बसलात, तर सगळ्यांना तसं सांगून जा. तेवढंच बोला."

नाही म्हणायचीही ताकद नव्हती. आत गेलो. "मी उद्यापासून, म्हणजे पुढच्या रविवारपासून येणार नाही," म्हणालो.

"का हो?" त्या मुलीनं विचारलं.

"मला बोलता येत नाही. वडिलांच्या रक्षाविसर्जनाला पण आलं नाही." आणि मग नदीवरचं सगळं सांगत गेलो. आवाज फाटत होता, 'न्हाई', 'हाय' सगळं गावाकडचं बाहेर पडत होतं, नाक वाहत होतं. थांबलो तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली, तेव्हा आपण बोललो हे माझ्या ध्यानात आलं.

दुपारी आईला फोन केला. "आई, आज आबांबद्दल बोललो. लोकांसमोर."

ती म्हणाली, "सुट्टीवर आलं की तुला सायकलवरनं शाळेत सोडायचं, ते सांगितलंस का?"

"न्हाई, राहिलं."

"मग ते बी सांग की."

पुढच्या रविवारी गेलो. सायकलचं सांगताना मध्येच पुन्हा तसाच अडलो. वर्ग थांबून राहिला. नदीवरचं सगळं पुन्हा अंगावर आलं. बऱ्याच वेळानं पुढचं वाक्य निघालं, अगदी बारीक आवाजात.