सावलीत उभा राहिलेला मामा

भाचीच्या लग्नात नवरीला पार्लरातून हॉलवर न्यायचं काम माझ्याकडं होतं. आमच्यात नवरीला मांडवात मामानंच आणायचं असतं; मामा पोचल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. एवढा मान मला घरात एरवी कुणी देत नाही, म्हणून मी हौसेनं स्वतःची गाडी काढली. तिचा एसी बंद आहे हे पार्लरच्या दारात आठवलं.

मे महिन्याचं ऊन. मोठ्या रस्त्याला लागायच्या तोंडाशी लाल सिग्नल. थांबायचा पांढरा पट्टा रणरणत्या उन्हात, आणि त्याच्या बराच अलीकडं गुलमोहराची गार सावली. नवरीचा मेकअप वितळू नये म्हणून मी गाडी सावलीत घेतली. दुचाकीवाले आधीच तिथं दाटीवाटीनं उभे होते. मागं जीपमध्ये माझी बायको, मांडीवर दोन्ही हार घेऊन. मी स्वतःच्या हुशारीवर खूश.

सिग्नल लालच. समोरचा मोठा रस्ता रिकामा, तरी हिरवा तिकडंच. हॉलवरून मेव्हण्यांचा फोन आला, "मुहूर्त गाठायचा हाय की न्हाय? गुरुजी घड्याळ बघायलेत!"

"बिघडलाय ओ पावणं," शेजारचा दुचाकीवाला म्हणाला. मीही लगेच सरकारला चार शब्द सुनावले.

भाची सिग्नल बसवणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे हे मी विसरलोच होतो.

"मामा, बिघडला न्हाय. वरचा कॅमेरा पट्ट्याजवळचंच बघतो. तिथं गाडी दिसली, तरच ह्या रस्त्याला हिरवा मागितला जातो. आपण सगळी झाडाखाली! त्याच्या लेखी हितं कोणच न्हाय. पुढं घ्या की!"

"आणि मेकअप?"

"जाऊ दे वितळून!"

गाडी पट्ट्यावर नेली. थोड्याच वेळात हिरवा लागला! मी सुसाट निघणार, तेवढ्यात भाची शालूसकट खिडकीतून अर्धी बाहेर. "मामी, चिकटून या! मागनं गाडी येताना दिसली की हिरवा जरा वाढतो. मधी जागा पडली, की संपलं समजून लाल करतोय!"

"व्हय गं पोरी!" उत्तर मामीच्या आधी दुचाकीवाल्यांनीच दिलं. सगळी रांग जीपला खेटून निघाली. हिरवा वाढत गेला आणि हारांची जीपही पार झाली. अनोळखी माणसं हॉर्न वाजवत आमची वरात काढत होती.

मुहूर्त गाठला. नवरीला मांडवात आणलं, तिच्यामागं उभं राहायचं तेवढं उरलं होतं. घामाघूम झालो होतो, म्हणून नकळत बाजूच्या पंख्याखाली सरकलो. गुरुजी पुकारायला लागले, "मुलीचे मामा? मामा कुठं आहेत?"

आंतरपाटाआडून नवरीच ओरडली, "मामा, सावली सोडा! पट्ट्यावर या!"

आख्खा मांडव हसला. मी पुढं झालो, आणि अक्षता पडल्या.