आत्याची टेनर

आमच्या आत्याने पस्तीस वर्षं लोकांचे पडदे शिवले. साठीला आल्यावर गुडघ्यांनी पायमशीन चालवायला साफ नकार दिला, तेव्हा ती वाचनालयातल्या वर्गात युकुलेली शिकायला लागली. युकुलेली म्हणजे चार तारांची छोटी गिटारच. वर्गातलं वाद्य इतकं चिमुकलं, की आत्याची जाड बोटं तारांवर एकमेकांना ढकलायची. शिक्षिका म्हणाली, "तुम्ही टेनर घ्या. ती जरा मोठी असते."

म्हणून एका शनिवारी मी आत्या आणि आतोबांना गाडीत घालून दुकानात नेलं. आतोबा आयुष्यभर छापखान्यात नोकरीला होते. यंत्रांच्या खडखडाटाने त्यांचे कान अर्धेअधिक गेलेले. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

दुकानदाराने दोन टेनर पुढे ठेवल्या. एक फिकट लाकडाची, पातळ, चकचकीत, दांडी सडपातळ. तार छेडली की आवाज खणखणीत. दुसरी महोगनीची, काळसर, पोटाने खोल, पॉलिश नावापुरतं. तिचा आवाज दबका, उबदार. कापडाचा पोत बघावा तशी आत्याने तिची पाठ चाचपली. ती छातीशी धरून वाजवताना आत्याचे डोळे आपोआप मिटले.

मग एकदम भानावर येऊन ती म्हणाली, "पहिलीच द्या."

"अगं, तुला तर ही आवडली ना?" मी विचारलं.

"ह्यांना ती ऐकू येते. मघाशी मान वळवून बघितलं त्यांनी. हिच्या वेळी ढिम्म बसून होते."

आतोबा आमचे चेहरे बघत होते. "काय ठरतंय?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. अख्ख्या दुकानाला कळलं.

ते उठले, महोगनीची टेनर उचलून आत्याच्या हातात दिली. "मी दचकून वळलो होतो. आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पसंतीचं शिवलंस, हे तरी तुझ्या पसंतीचं घे. नाही ऐकू आलं, तर जवळ येऊन बसेन."

"बसलात तर बसलात," आत्या पुटपुटली. पण वाद्य काही तिने खाली ठेवलं नाही.

आता रोज संध्याकाळी ते तिला खेटून बसतात. परवा तर त्यांनी तिची चूक पकडली, परत वाजव म्हणाले. आत्या फोनवर माझ्याकडे तक्रार करत होती, "कोपर हलवायला जागा नाही, वर ह्यांची मास्तरकी."

मागून आतोबा विचारत होते, "करतेस ना सुरू?"