परत पाठवलेली नोटीस

मला कन्नड उत्तम येतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे घडलं त्याला भाषा येत नसल्याची सबब मला देता येणार नाही. बेळगावच्या एका मराठी शाळेत मी सव्वीस वर्षं मराठी शिकवते, तरी भाजीवालीशी घासाघीस कन्नडातून, शिक्षणखात्याची सर्क्युलरं कन्नडातून आणि शेजारणीशी भांडणही कन्नडातूनच. भांडणात तर ती भाषा मला मराठीपेक्षा जास्त साथ देते.

आमचं गाव बेळगुंदीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. गावाच्या वरच्या बाजूला, रस्त्याच्या वळणावर देवीची राई होती. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा आणि मधेच दोन म्हातारे आंबे. देवी म्हणजे गुडघ्याएवढा काळा दगड. त्याच्या मागं झरा. भाताच्या रोपांचा तरवा टाकायचा तो त्या झऱ्याच्या पाण्यावर, आणि उन्हाळ्यात नळ रुसले की खालच्या गल्लीच्या घागरी भरायच्या त्याही तिथंच.

राईतलं काहीही बाहेर न्यायचं तर देवीला कौल लावावा लागे. दगडाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौल लावायचा मान आमच्या घराकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं, आप्पांकडं होता. मी लहान असताना आईनं चुलीसाठी राईतली वाळकी फांदी आणली होती. आप्पांनी तिला भरदुपारी परत पाठवलं आणि फांदी होती तिथंच ठेवायला लावली. आई संतापली होती. आठ दिवस तिनं आप्पांना ताट वाढलं, पण शब्द वाढला नाही. एकदा वादळात एक आंबा पडला. आमच्या घराला तुळई हवी होती, आप्पांनी कौल लावला, डावी पाकळी पडली. तो आंबा तिथंच कुजला आणि आम्ही विकतची तुळई आणली. त्या वयात मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. आता वाटतं, जंगल राखायची एवढी कडक व्यवस्था मी नंतर कुठल्याच खात्यात पाहिली नाही.

राई कुणाची, हे मात्र कागदावर कधी धड नव्हतं. उताऱ्यावर नुसतं 'सरकार'. वनखातं म्हणायचं जमीन महसूलची, महसूलवाले म्हणायचे झाडं वनखात्याची. गावाला ते बरंच होतं. दोन धनी भांडतायत तोवर आपल्याकडं कुणी बघत नाही, असं सगळे धरून चालले होते.

मग रस्ता रुंद व्हायची बातमी आली. वळण काढून रस्ता सरळ करायचा आणि तो राईतून न्यायचा. रविवारी मी गावी गेले होते, त्या सकाळी वनखात्याचा गार्ड नोटीस घेऊन आला. पोरगेलासा माणूस, धारवाडकडचा, नुकताच बदलून आलेला. देवीच्या पारावर माणसं जमली. तरुण पोरं बहुतेक कारखान्यात पाळीवर होती, म्हातारी माणसं आणि बायका तेवढ्या होत्या. नोटीस कन्नडात होती. आप्पांना कन्नड बाजारापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला.

"वाच गं. काय म्हणत्यात बघ."

मी वाचायला लागले. पहिल्या भागात रस्त्याचं काम, दुसऱ्यात झाडांची यादी. तेवढं मी मोठ्यानं मराठीत सांगितलं. झाडांची नावं ऐकताच गलका सुरू झाला. कुणीतरी म्हणालं, आमच्या गावात कन्नड कागद चालायचा न्हाय, मराठीत आणा. सगळ्यांनी ते उचलून धरलं.

बाहेरच्यांना हे कदाचित कळणार नाही. सीमाभागात मराठीतून कागद मागणं हा आमच्या पिढ्यांचा लढा आहे. माझ्या चुलत्यांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या आहेत. ती मागणी चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही.

पण तिसरा भाग माझ्या डोळ्यांपुढं होता. पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी, मुदतीत हरकत न आल्यास गावाची संमती धरली जाईल. मी तो मनात वाचला. वाचून गप्प बसले. मला वाटलं, मुदतीचं सांगितलं तर भित्री माणसं सही करून कन्नड नोटीस घेऊन मोकळी होतील आणि गावाचा ताठा मोडेल. शिवाय मी मराठीची टीचर. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या आणि मला ते आवडत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

गार्डनं माझा चेहरा वाचला असावा. तो जवळ आला आणि हळू आवाजात कन्नडातून म्हणाला, "घेऊन ठेवा आक्का. पंधरा दिवस आहेत. हरकत लिहून द्या, आमचे साहेब वाचतात."

मला अक्षर न् अक्षर कळलं होतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मराठीत बोला."

लोक हसले. गार्ड कानापर्यंत लाल झाला. मी नोटीस घडी घालून त्याच्या हातात परत दिली. पंचायतीच्या फळ्यावर लावलेली दुसरी प्रत संध्याकाळी कुणीतरी फाडली, त्याचंही गावानं कौतुक केलं.

गावाच्या वतीनं खात्याला पत्र मीच लिहिलं. काय पत्र होतं ते. एक काना-मात्रा इकडची तिकडं नाही. "आमच्या गावच्या देवराईतील वृक्षतोडीसंबंधीची आपली नोटीस पाहिली, तथापि ती आमच्या मातृभाषेत नसल्याने स्वीकारता येत नाही," अशी सुरुवात. आवक खिडकीवर पोच घेतली आणि त्या शिक्क्याकडं मी पदक मिळाल्यागत बघत राहिले.

पुढं दर रविवारी आप्पा विचारायचे, "आलं का गं मराठीतलं?" मी म्हणायचे, येईल. पंधरावा दिवस कुठला ते मला पाठ होतं. त्या दिवशी शाळेत चाचणीचे पेपर तपासत बसले होते. साधारण अकरा वाजता आठवलं. मनात आलं, साध्या कागदावर दोन ओळी लिहून नेऊन द्याव्यात, ऑफिस काही लांब नाही. मग वाटलं, आपलं पत्र गेलंय, त्याचं उत्तर येईपर्यंत मुदत संपायची कशी? हे मी कुणा वकिलाला विचारलं नव्हतं. माझं मीच ठरवलं आणि पुढचा पेपर ओढला.

दोन महिन्यांनी राईतल्या खोडांच्या साली तासून त्यावर आकडे घातलेले दिसले. मी, आप्पा आणि गावातले दोघं ऑफिसात गेलो. साहेब सज्जन होते, बसा म्हणाले, चहा मागवला. फाइल उघडून त्यांनी माझंच पत्र वर काढलं आणि थोडं अडखळत मराठीतून मोठ्यानं वाचलं. पुढचं कन्नडात सांगितलं. नोटीस पाहिली, असं गावानंच लिहून दिलंय, म्हणजे ती पोचली. हरकत मात्र आली नाही. मग माझ्याकडं बघून ते म्हणाले, "टीचर, तुमचं मराठी फार सुंदर आहे."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मी विचारलं, हरकत आली असती तर? त्यांनी नकाशा पसरला. वरच्या बाजूच्या गावानं एका पानाची हरकत घेतली होती. तिथला रस्ता झाडांना वळसा घालून पडिक जमिनीतून नेला होता. नकाशावर ते वळण साफ दिसत होतं. आता आदेश झालाय, माझ्या हातात काही नाही, असं ते म्हणाले. खरंच नव्हतं. वरच्यांना रस्ता हवा होता आणि खालच्यांना फाइल पुरी हवी होती. ती पुरी करायला मी मदत केली होती.

"काय म्हणत्यात गं?" आप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, "वरनं ऑर्डर आहे म्हणतात."

तोडीच्या दिवशी मी रजा टाकून गेले. तोडणारी माणसं लांबची होती, बाया-पोरं घेऊन आलेली. त्यांच्यातल्या एका बाईनं आधी देवीला हळद-कुंकू वाहिलं. सगळ्यांनी चपला काढल्या. आप्पा मुकादमाला म्हणाले, कौल लावू द्या. मुकादम घड्याळ बघून म्हणाला, लावा. आप्पांनी आंघोळ करून ओलेत्यानं दगडाला पाकळ्या लावल्या आणि हात जोडून उभे राहिले. बराच वेळ एकही पडली नाही. मुकादमानं आणखी थोडं थांबून खूण केली आणि रस्त्याकडच्या ऐनावर मशीन सुरू झालं. पहिलं झाड पडलं तशी जमीन हादरली आणि डाव्या-उजव्या सगळ्या पाकळ्या एकदम गळून पडल्या.

आप्पा खाली पडलेल्या पाकळ्यांकडं बघत राहिले. मी त्यांचा दंड धरून घरी आणलं. दुपारपर्यंत आवाज घरात येत होता. आईनं खिडक्या लावून घेतल्या आणि स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

देवीचा दगड त्यांनी सोडला. चार दांडक्यांवर पत्रा घालून दिला. पुढच्या उन्हाळ्यात झरा आधी बारीक झाला, मग नुसता ओलावा राहिला, मग तोही गेला. तरव्याला टँकर आणायची वेळ आली. तोडलेल्या एका झाडामागं दहा झाडं लावणार, असं आदेशात होतं. ती कुठं लावली याचा पत्ता मला अपघातानं लागला. दहावीच्या परीक्षेच्या ड्यूटीवर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सदलग्याला गेले होते. वाटेत एका माळावर काटेरी तारेचं कुंपण आणि पाटी दिसली. पाटीवर आमच्या रस्त्याचं नाव होतं. बस थांबेना, म्हणून परतताना रिक्षा करून गेले. माळावर रोपांपेक्षा खड्डे जास्त होते. उरलेल्या रोपांच्या काड्या झाल्या होत्या आणि एक शेळी आत निवांत बसली होती. आमचा डोंगर कुठं, हा माळ कुठं. मी तिथं उभी राहून रडले, रिक्षावाला बिचारा तोंड फिरवून उभा राहिला.

हे मी घरी सांगितलं नाही. मला न सांगायची सवयच लागली होती.

आणि मग मराठी प्रत आली. खरोखर आली. राई पडून वर्ष उलटल्यावर, माझ्या पत्राच्या संदर्भासह, पंचायतीच्या पत्त्यावर. कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी आपलं काम इमानदारीनं केलं होतं. रविवारी मी पोचले तेव्हा आप्पा ओसरीवर चष्मा लावून बसले होते आणि कागदावर बोट फिरवत वाचत होते. मराठी त्यांना वाचता येतं, सावकाश, पण एकही शब्द न सोडता. मी चप्पल काढून तिथंच उभी राहिले. पहिला भाग झाला. झाडांची यादी झाली, त्यात प्रत्येक नावावर बोट थांबत होतं. मग बोट खाली गेलं.

त्यांनी तो भाग दोनदा वाचला. मग चष्मा काढला.

"हे पंधरा दिसाचं तवा बी लिवलेलं व्हतं?"

"व्हय आप्पा."

"तू वाचलतीस?"

"व्हय."

मी तयारीत होते. त्यांनी ओरडावं, हाकलून द्यावं, असं मला मनापासून वाटत होतं. ते म्हणाले, "बरं." कागदाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि आईला हाक मारून सांगितलं, पोरगी आल्या, च्या टाक.

त्याला आता तीन वर्षं झाली. आप्पा माझ्याशी नीट बोलतात. तब्येत विचारतात, पोरांची चौकशी करतात, निघताना पिशवीत तांदूळ भरून देतात. फक्त घरात कन्नड कागद आला, म्हणजे पाणीपट्टी असो, पेन्शनचं पत्र असो, की ते तो खिशात घालतात, काठी घेतात आणि दीड मैल चालत वनखात्याच्या नाक्यावर जातात. तिथं तोच गार्ड असतो. त्याच्याकडून ते कागद वाचून घेतात. मागच्या रविवारी मी दारात उभी असताना ते असेच निघाले. मी म्हटलं, आप्पा, द्या मी वाचते. ते थांबले, खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्यो सगळं वाचून दावतोय."