गाठ पक्की होती

जुन्या टीव्हीवरच्या कुस्तीचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. कुस्ती कसली! तेल चोपडलेले परदेशी रेडे चड्ड्या घालून एकमेकांना ठरवून आपटायचे, आणि आमच्या पिढीचे पुरुष केस पिकल्यावर त्याच्या आठवणीने गहिवरतात. माझा भाऊ त्यात पहिल्या नंबरचा. शिरपूरला कॉलेजात शिकवतो, चारचौघांत तोलून-मापून बोलतो, आणि रोज सकाळी घरच्या ग्रुपवर जुन्या कुस्तीचा एखादा तुकडा टाकून खाली लिहितो, "काय दिवस होते!" इकडे पिंप्राळ्यात माझा नवरा चहा पिता पिता त्याला टाळ्या पाठवतो. मी काही पाठवत नाही. माझा डावा हात कोपरात सरळ होत नाही, आणि तो त्याच सोन्यासारख्या दिवसांत वाकडा झालेला आहे.

गावात केबल नवी आली तेव्हाची गोष्ट. मी अकरा वर्षांची, भाऊ तेराचा. पैलवानांच्या चित्रांचे पत्ते त्याच्या खिशात, छातीची मापं तोंडपाठ, पाढे मात्र सतराला अडायचे. आमच्याकडे कापूस वेचून झाला की मधल्या खोलीत रचून ठेवत, भाव चढेपर्यंत. जवळजवळ आढ्यापर्यंत ढीग जायचा. घरात ठेवलेल्या त्या कापसाने अंगाला खाज सुटायची, मांड्या खाजवून लाल व्हायच्या, पण भाऊला तो आखाडा सापडला होता. माळ्यावर चढायचं, दोन्ही हात वर करून नसलेल्या गर्दीला ओरडायला लावायचं आणि खाली पडलेल्या शत्रूवर कोपर रोखून उडी मारायची. शत्रू मी. रोज मीच. "पुढची उडी तुझी," असं तो दर वेळी सांगायचा आणि मी मूर्ख दर वेळी आडवी व्हायची.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी येऊन बहुतेक कापूस घेऊन गेली. उरलासुरला भाऊने आखाजीच्या सकाळी पसरून ठेवला. वरून पाहिलं तर गादी, खाली वीतभर कापूस आणि मग फरशी. मी म्हटलं, आज नको. तो म्हणाला, ही शेवटची, मग तुझी. माझा हात अंगाखाली मुडपलेला होता आणि तो माळ्यावरून थेट माझ्यावर आला. मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानेही ऐकला, कारण जिंकल्याची आरोळी त्याच्या तोंडातच राहिली.

आई चुलीपासून धावत आली. खापरावर पुरणपोळी तशीच जळत होती. तिने आधी माझा हात पाहिला, मग भाऊचं पांढरं पडलेलं तोंड, आणि क्षणात ठरवून टाकलं. "आबाले सांगशी ते तो याले जीता ठेवाव नही. झोकावरथीन पडनी म्हनी सांगजो."

दारातल्या कडुलिंबाला आबांनी, आमच्या वडिलांनी, आदल्याच संध्याकाळी झोका बांधला होता. आखाजीचा झोका आमच्याकडे पोरींचा, गल्लीतल्या सगळ्या पोरी त्यावर गाणी म्हणायला यायच्या. आबा शेतातून आले. मी शिकवल्याप्रमाणे सांगितलं. ते विळा घेऊन झाडावर चढले, दोर कापला आणि मग मला हाडवैद्याकडे घेऊन गेले. त्या आखाजीला पोरी आल्या आणि रिकामी फांदी बघून परत गेल्या. भाऊने संध्याकाळी टीव्ही लावला. पुढे लग्नासाठी पाहुणे मला बघायला आले तेव्हाही हात का वाकडा म्हणून विचारलं, आणि आईने पोह्यांची बशी पुढे करत तोच झोका सांगितला. मी मूग गिळून बसले. खोटं एकदा घरात शिरलं की तेही माणसासारखं म्हातारं होतं, त्याला बाहेर काढायचं म्हणजे लाज वाटते.

आई गेली. आता खरं ठाऊक असलेले आम्ही दोघंच, आणि मला एवढंच हवं होतं की भाऊने स्वतःच्या तोंडाने ते एकदा आबांना सांगावं. कधी विषय काढला की म्हणायचा, "जाऊ दे ना, किती जुनं झालं." कुस्ती मात्र जुनी झालेली नव्हती.

यंदा आखाजीला माहेरी गेले. जेवणं झाली. भाऊने मोठ्या टीव्हीवर तीच जुनी कुस्ती लावली, आवाज गावाला पुरेल एवढा. त्याची नऊ वर्षांची मुलगी कुठूनसा दोर घेऊन आली आणि आबांच्या गुडघ्याला लागून म्हणाली, "आबा, झोका बांधून द्या."

आबांनी दोर हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि बाजूला ठेवला. "नही बेटा. तुनी आत्याले मीच झोका बांधा व्हता. मनी गाठ सैल ऱ्हायनी, पोरगीना हात गया. आते मी बांधाव नही."

इतकी वर्षं मी माझ्याच हाताचा हिशोब मांडत होते. हा माणूस दर आखाजीला दुपारीच शेतात का निघून जातो, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मी भाऊकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं, कान लाल झाले होते. पण नजर टीव्हीवर. तिथे एक जण दोरांवर चढून हात वर करत होता.

"आबा," मी म्हटलं, "गाठ पक्की व्हती. मी झोकावरथीन पडनीच नही. भाऊनी माळावरथीन मना हातवर उडी मारी व्हती."

आबा माझ्या कोपराकडे बघत राहिले. भाऊवर ओरडतील असं वाटलं, हातही उगारतील, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. त्यांनी भाऊकडे पाहिलंसुद्धा नाही. अगदी हळू विचारलं, "तुनी मायले माहीत व्हतं?"

भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो. या क्षणी तरी भाऊ काही बोलेल म्हणून मी थांबले. तो बोलला नाही.

"नही, आबा," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली, दोर उचलला आणि नातीचा हात धरून कडुलिंबाकडे गेले. ते दाराबाहेर पडल्यावर भाऊने टीव्ही बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरं केलंस."

मी त्याला माफ केलेलं नाही. हाताचं एक वेळ सोडलं असतं. पण आबांशी दुसऱ्यांदा खोटं बोलायला त्याने मलाच पुढे केलं, आणि खाली मीच आडवी झाले.